अकलूजची पांढरी वाइन आणि शेंगा चटणी

आमच्या दाजींना द्राक्ष म्हणजे थॉमसन नाहीतर बेदाणा, त्यामुळे रविवारी मी एम/एस व्हाइट वाइनची बाटली काढली तर म्हणाले, "फॉरेनची काय रे?" म्हणलं नाही ओ, आपल्या अकलूजची! बनवणारी कंपनी फ्राटेल्ली, म्हणजे इटालियनमध्ये भाऊ-भाऊ, आणि खरंच तीन घरचे भाऊ आहेत त्यात, अकलूजचे मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी, इटलीचे सेच्ची. वाइन बनवणारे पिएरो मासी टस्कनीचे. नावातला एम त्यांचा आणि एस स्टीव्हन स्परियरचा, १९७६ ला पॅरिसात लेबलं झाकून टेस्टिंग लावली आणि कॅलिफोर्नियाच्या वाइननं फ्रेंचांना हरवलं, तेच ते.

ब्लेंड शार्डोने आणि सोव्हिन्यो ब्लां या दोन जातींच्या द्राक्षांचा. शार्डोनेनं जरा भरदारपणा येतो, दुसऱ्यानं आंबट तरतरी आणि वास, आणि सोलापूरच्या उन्हात ही तरतरी टिकवणं हेच खरं काम, ऊन चढलं की द्राक्षातला आंबटपणा झरझर उतरतो ना.

मी शहाण्यानं बाटली तासभर फ्रीजरमध्ये टाकलेली, पहिला ग्लास नुसता गारढोण, वासच नाही. दहा मिनिटं तसाच ठेवल्यावर लिंबाच्या सालीसारखा वास आला. सोबत कडक भाकरी, शेंगा चटणी (चटणी जिंकली, खरं सांगतो). दाजींनी दोन घोट घेतले, म्हणाले "ताक बरं," आणि ग्लास पुढं केला.