इली पार्करच्या घरची पत्रं

इली पार्कर, म्हणजे अमेरिकेतल्या सेनेका या आदिवासी जमातीतला माणूस, त्याचं नाव काढलं की सगळे थेट ९ एप्रिल १८६५ वरच उडी मारतात. अमेरिकन यादवी युद्धात ॲपोमॅटॉक्सला दक्षिणेचा जनरल ली उत्तरेच्या जनरल ग्रँटला शरण आला, अटींची शाईतली प्रत काढायचं काम ग्रँटच्या बॉवर्स नावाच्या अधिकाऱ्याकडे होतं पण तो इतका नर्व्हस झाला की कागद ग्रँटच्याच हाताखालच्या पार्करकडे सरकवला, आणि शाई? तीही लीच्याच माणसाकडून घेतली. किस्सा भारीच आहे. पण मला जास्त गुंतवतात ती या माणसाच्या घरची पत्रं, फिलाडेल्फियाच्या अमेरिकन फिलॉसॉफिकल सोसायटीत त्याचे बरेच कागद आहेत.

जन्म १८२८, न्यूयॉर्क राज्यात टोनावांडा या सेनेका वस्तीत. वडील विल्यम गिरणीवाले, आई एलिझाबेथ, दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं. म्हणजे मुलगा इंग्रजीत लिहिणार आणि घरी कोणीतरी भावंड ते सेनेका भाषेत सांगणार, मग त्यात खाजगी काय उरणार! पण तसंही विषय नुसता खुशालीचा नसायचाच. ऑग्डेन लँड कंपनी जमीन गिळायला बसलेली, १८३८ च्या तहाने सगळ्यांना पश्चिमेकडे हाकलायचा घाट घातलेला, आणि हा पोरगा १८ व्या वर्षी वॉशिंग्टनला जाऊन प्रेसिडेंट पोकला भेटतोय. घराची काळजी आणि जमातीची केस, दोन्ही एकाच टपालात.

गावाकडचं बघायला मोठा भाऊ निकल्सन, तो मिशनऱ्यांचा दुभाषी. बहीण कॅरोलाइन आल्बनीला शिकलेली, मानववंशशास्त्रज्ञ मॉर्गनने सेनेका कपड्यांचा जो संग्रह जमवला त्यात तिच्या हातचं काम आहे. भाऊ न्यूटन पुढे यादवी युद्धात सार्जंट झाला आणि बायकोला पत्रं लिहीत राहिला. म्हणजे अख्खं घरच लिहिणारं. बाय द वे, इलीने कायद्याचा अभ्यास केला होता पण नागरिक नाही म्हणून वकिली करू दिली नाही, मग तो इंजिनिअर झाला. १८५१ मध्ये त्याला सेचेमचं, म्हणजे जमातीच्या प्रमुखाचं पद मिळालं, सेनेकांत ते आईच्या कुळाकडून येतं, बापाकडून नाही.

शेवटी १८५७ च्या तहाने टोनावांडाच्या लोकांनी साधारण ७,५०० एकर जमीन परत विकत घेतली. स्वतःचीच जमीन, विकत!! पण वाचली.

आणि इथेच मी अडकते. १८६९ मध्ये प्रेसिडेंट झालेल्या ग्रँटने त्याला इंडियन अफेअर्सचा, म्हणजे आदिवासी जमातींचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचा कमिशनर केलं, त्या खुर्चीत बसलेला पहिलाच आदिवासी, आणि त्याच वर्षीच्या सरकारी अहवालात हा म्हणतो की जमातींशी तह करणं आता बंद करावं, त्या काही सार्वभौम राष्ट्रं नाहीत. अरे, तुझ्या आईबापाचं घर कशामुळे राहिलं?? १८७१ मध्ये अमेरिकन काँग्रेसने (तिथल्या संसदेने) तह बंद केलेही. त्याच वर्षी त्याच्यावर भ्रष्टाचाराचे आरोप झाले, चौकशीत निर्दोष सुटला तरी अधिकार काढून घेतल्यावर राजीनामा दिला, आणि नंतर न्यूयॉर्कच्या पोलीस खात्यात क्लार्की केली.

त्याच्या बाजूनेही बोलता येईल, म्हणजे तहांच्या नावाखाली किती फसवणूक होते हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं. पण मला ते पटत नाही. म्हातारपणी हॅरिएट कन्व्हर्स नावाच्या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तो आपण नक्की कोण उरलो हे शोधत बसतो, अहवालातला ठाम सूर तिथे अजिबात नाही.