जाड दाणे अखेर माथ्यावर चढले

मागच्या नोंदीत आमच्या विंड टनेलमध्ये (पंख्याने वाळूवर वारा सोडायचा बोगदा) जाड दाण्यांचा सपाट थर बसून लहरीच उठत नव्हत्या. ती ‘फरशी’ फुटली एकदाची! टनेलच्या शेवटच्या टप्प्यात नऊ-दहा सेंमी अंतराच्या रिपल्स (वाळूच्या लहरी) उभ्या आहेत, खाचेत बारीक पांढरी सिलिका वाळू आणि माथ्यावर काळ्या, जाड क्रश सँडची (दगड फोडून केलेली वाळू) टोपी. मंगळावरच्या मेरिडियानी प्लेनम मैदानात नासाची ऑपर्च्युनिटी ही रोव्हर गाडी २००५ मध्ये जिच्यात रुतली, त्या लहरीवरही मिलिमीटरभर आकाराच्या हेमॅटाइट (लोहखनिज) दाण्यांचा थर आणि आत बारीक वाळू अशीच रचना होती.

फरशी जमायची कशी, तर जाड दाणा वाऱ्याने उचलला जात नाही, उड्या मारणाऱ्या बारीक वाळूच्या टकरीने तो पुढे सरपटतो. वाळूचा अभ्यासक बॅगनॉल्ड याच्या हिशोबाने उडता दाणा आपल्या सहापट व्यासाच्या दाण्याला ढकलू शकतो. आमची सिलिका ०.२५ मिमी, म्हणजे कमाल मर्यादा १.५ मिमी, वरचा जाड माल मात्र तेव्हा २ मिमीपर्यंतचा होता. शिवाय वाऱ्याकडच्या टोकाची वाळू उडून संपली की टकरा थांबतात, जाड दाणे जागेवर बसतात आणि खालची वाळूही झाकली जाते. मग पंखा कितीही फिरवा.

आता क्रश सँड १६ नंबरच्या चाळणीतून पार, १८ वर राहिलेली (१ ते १.१८ मिमी), वजनाने १५ टक्के. धुऊन घ्या, भुकटी फार असते. सिलिका फाउंड्रीची कच्चीच मागा. रेझिन कोटेड गळ्यात मारणारे बरेच आहेत.

खरा फरक पडला तो हॉपरने, म्हणजे वाऱ्याकडच्या टोकाला सतत नवी वाळू सोडणाऱ्या नसराळ्याने. घर्षणवेग (वारा तळाची वाळू किती जोराने ओढतो त्याचं माप) ०.४ मी/से धरला तर मीटर रुंदीला सेकंदाला साधारण १२ ग्रॅम वाळू वाहते. आपल्या ३० सेंमी टनेलला मिनिटाला साधारण २१६ ग्रॅम. उद्यमनगरातून पत्र्याचा हॉपर वाकवून घेतला, सरकती फट आणि १२ व्होल्टची व्हायब्रेटर मोटर लावली. फट काट्यावर जुळवायची: मिनिटभर पडू द्या, वजन करा. कोल्हापूरच्या पावसाळ्यात वाळू दमट होऊन फटीतच अडते, म्हणून ११० अंशांवर तासभर भाजून गरम असतानाच डब्यात बंद. आणि एन-९५ मास्कशिवाय सिलिकाला हात नको.

कडेच्या दोन-तीन सेंमीत रिपल्स अजून वाकतात. भिंतीलगत वारा मंदावतो, मापं मधल्या पट्ट्यातच घ्या.

पुढे सिलिकाच अजून बारीक करायची होती, पण हे लिहिताना वेगळंच सुचतंय: जाड दाण्यांच्या जागी अक्रोडाच्या टरफलाची ब्लास्टिंग ग्रिट (पृष्ठभाग साफ करायला फवारतात ती भरड). घनता १.१ च्या आसपास, म्हणजे मंगळावर बेसाल्टचा दाणा जेवढा जड तेवढीच ही इथे. हवा मात्र पृथ्वीचीच, तिकडच्यापेक्षा साठपट दाट, त्यामुळे या प्रयोगाला ‘मंगळ’ म्हणायचं नाही. अर्जेंटिनातल्या पुना पठारावर हलक्या प्युमिस (सच्छिद्र ज्वालामुखी दगड) खडीच्या मेगारिपल्स, म्हणजे मोठ्या लहरी, आहेत, त्यांच्याशी तुलना जास्त प्रामाणिक. १.७ मिमीची ग्रिट ०.४ च्या घर्षणवेगाला स्वतःच उडू लागेल, तेव्हा तो ०.३ वर आणावा लागणार. तिथे आपला डिमर गुणगुणतो आणि पंखा हेलकावे खातो. शिरोलीत जुना व्हीएफडी (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) मिळतो का बघतोय. थ्री फेज मोटर त्याच्याबरोबरच घ्यावी लागेल.