वांगं भाजेल का?

ग्रिल घ्यायचं खूळ नवऱ्याचं. मित्राच्या गच्चीवर कोळशावर भाजलेलं पनीर खाऊन आला आणि पुढचे आठ दिवस त्याला दुसरा विषय सुचेना. आमच्याकडे गच्ची नाही, बाल्कनी आहे. तीत वॉशिंग मशीन, तुळस आणि वाळत घातलेले कपडे. तिथे कोळसा पेटवला असता तर वरच्या काकूंनी वरूनच बादली ओतली असती. तेव्हा ग्रिल विजेवरचा, एवढं ठरलं.

सासूबाई टीव्ही बघत होत्या. त्यांनी मान न वळवता विचारलं, "त्यात वांगं भाजेल का?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. त्या यावल तालुक्यातल्या. त्यांच्याकडचं भरिताचं वांगं म्हणजे फिकट हिरवं, पसरलेल्या पंजातही न मावणारं, बिया कमी आणि गर जास्त. जळगावच्या या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, लेखी ते त्याच्या कितीतरी आधीपासून मानांकितच होतं. तिकडे ते कपाशीच्या नाहीतर तुरीच्या काड्यांच्या जाळावर भाजतात. मग लाकडी भांड्यात हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचं, वर कांद्याची पात, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी किंवा पुऱ्या. लग्न होऊन मी पुण्यातच राहिले खरी, पण पहिल्या हिवाळ्यात ते भरीत खाल्ल्यावर माझ्या माहेरचं दह्यातलं भरीत मला कोशिंबिरीसारखं वाटायला लागलं. (हे माझ्या आईला कधी सांगितलेलं नाही.)

दिवाळीच्या आधी आम्ही दुकानात गेलो. दुकानातल्या मुलाने आधी दोन पाट्यांचा, पुस्तकासारखा मिटणारा ग्रिल दाखवला. "मॅडम, वरून-खालून एकदम भाजतो, उलटायची गरज नाही. आणि प्लेट उतरती आहे. सगळं फॅट खालच्या ट्रेमध्ये निघून जातं."

या जातीचा ग्रिल जगभर घरोघरी नेला तो जॉर्ज फोरमन या मुष्टियोद्ध्याने. १९७४ मध्ये किन्शासात मुहम्मद अलीकडून हरलेला हा माणूस १९९४ मध्ये, पंचेचाळिसाव्या वर्षी, पुन्हा जगज्जेता झाला. त्याच वर्षी त्याच्या नावाचा ग्रिल बाजारात आला आणि पुढे दहा कोटींहून अधिक खपला. आपल्या पाचही मुलग्यांचं नाव त्याने जॉर्जच ठेवलं होतं. ग्रिललाही तेच दिलं यात नवल नाही. तर चरबी निथळून जाते, हे त्या ग्रिलचं सगळ्यात मोठं आकर्षण. आई ट्रेकडे बघत राहिल्या.

"म्हणजे मी सँडविचला तूप लावायचं आणि याने ते या डबीत काढून ठेवायचं?"

मुलगा गप्प झाला. आईंनी पर्समधून चष्मा काढला, दोन पाट्यांमधली फट बोटांनी मोजली आणि म्हणाल्या, "वांगं चपटं होईल." पहिला ग्रिल बाद.

मग ओव्हन-टोस्टर-ग्रिल, म्हणजे ओटीजी. त्याच्या शेजारी एअर फ्रायर. त्या एअर फ्रायरचं सध्या इतकं कौतुक चाललंय, पण आत बघितलं तर तापणारी तार आणि तिच्यावरची गरम हवा जोरात फिरवणारा पंखा, बस्स. छोटा ओव्हनच तो, फक्त घाईतला. या दोन्हींत वांगं शिजतं, मऊ होतं, पण सुरकुततं. भाजल्यासारखं दिसत नाही. विजेचा तंदूरही होता, सळ्या खोचायची सोय असलेला. तो मात्र नवऱ्याला पसंत पडला, कारण त्याच्या खोक्यावर अगदी त्याला हवं तसं पनीर छापलेलं होतं.

शेवटी एका कोपऱ्यात ठेवलेला साधा ग्रिल निघाला. खाली पाण्याचा ट्रे, त्यावर नागमोडी वळलेली तापणारी नळी, तिच्यावर जाळी. झाकण नाही, घड्याळ नाही, बोलणारा पडदा नाही. ही नळी मला आवडली. आत निक्रोमची तार, तिच्याभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली आणि बाहेर स्टीलचं आवरण. करंजीत सारण असतं तशी. ती भुकटी उष्णता बाहेर येऊ देते, वीज नाही. खालचं पाणी कशाला, तर ठिबकलेलं तेल-तूप त्यात पडून थंड व्हावं, जळून धूर होऊ नये.

"धूर अजिबात नाही," मुलगा अभिमानाने म्हणाला.

"मग चव कुठून येणार?" आई म्हणाल्या. पण जाळी उघडी होती, वांगं मावत होतं, फिरवताही येत होतं. त्यांनी होकार दिला नाही, नकारही दिला नाही. आमच्या घरात याला संमती म्हणतात.

माझा प्रश्न वेगळा होता, आणि तो खोक्यावर कुठेच छापलेला नसतो. हे धुणार कोण आणि कसं? ज्या ग्रिलच्या पाट्या निघत नाहीत, त्याच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, पाण्यात बुडवू नये. म्हणजे मग ओल्या फडक्याने पुसत बसा, खाचांमधलं चीज टूथपिकने उकरा. नॉनस्टिक असेल तर तारेची घासणी चालत नाही, आणि आमच्या मावशींना तारेच्या घासणीशिवाय भांडं घासल्यासारखं वाटत नाही. मी त्या मुलाला जाळी, नळी, ट्रे सगळं सुटं करून दाखवायला लावलं. जाळी सिंकमध्ये मावेल का, हे मी मनातल्या मनात मोजलं. आडवी नाही, पण तिरकी मावली असती.

घरी आल्यावर कळलं की ग्रिल आणला म्हणजे झालं नाही. त्याच्या बुडावर लिहिलं होतं २००० वॉट. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर म्हणजे पावणेनऊ अँपिअरच्या आसपास. ओट्यावरच्या मिक्सरच्या प्लगची झेप सहा अँपिअरपर्यंतच. मोठ्या तीन छिद्रांचा पॉवर पॉइंट स्वयंपाकघरात एकच, तोही फ्रिजच्या मागे. इलेक्ट्रिशियन येऊन ओट्याजवळ नवीन पॉइंट काढून गेला आणि जाताना म्हणाला, "ताई, गीझर चालू असताना हा लावू नका." पहिल्याच रविवारी आम्ही ते विसरलो. नवरा पनीर मांडत होता, लेक अंघोळीला गेली होती, आणि एमसीबी पडली. बाथरूममधून जो आवाज आला तो ग्रिलच्या उद्घाटनाचा समजायचा.

ते पहिलं पनीर पांढरंच राहिलं. नवरा हिरमुसला. खरं तर चूक पनीरला लावलेल्या पातळ दह्याची होती. पदार्थाच्या अंगावर पाणी आहे तोवर तो शंभर अंशांच्या वर फारसा जात नाही, आणि तो तांबूस खरपूस रंग यायला साधारण एकशे चाळीस अंश लागतात. १९१२ मध्ये लुई कामी मायार या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने या तांबूस होण्याचं कोडं मांडलं: प्रथिनांमधली अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेने एकमेकांना भेटतात आणि त्यातून रंग, वास, चव तयार होते. आपल्याकडे याला एकच शब्द आहे, खरपूस. श्रीखंडासाठी आपण दही टांगतो, तसं टांगून चक्का केला आणि पुढच्या रविवारी तो लावला. पनीरला कडा आल्या. नवऱ्याने फोटो काढून त्या गच्चीवाल्या मित्राला पाठवले.

त्यानंतर ग्रिल बरा रुळला. ढोबळी मिरची झाली, कणसं झाली. कार्तिकी एकादशीला रताळी भाजली, ती आईंनीही खाल्ली आणि "बरी भाजली" इतकं म्हणाल्या. पण वांग्याचं नाव कुणी काढलं नाही. आमच्याकडे चातुर्मासात वांगं चालत नाही, ते चंपाषष्ठीलाच पहिल्यांदा घरात येतं. त्या दिवशी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य. म्हणजे ग्रिल घरात आला, चार वेळा धुतला गेला, जाळीला पहिला डागही पडला, तरी त्याची परीक्षा बाकीच होती.

चंपाषष्ठीच्या सकाळी आईंनी दोन वांगी घेतली. एकाच वजनाची, जोडीची वाटावीत अशी. दोघांना तेलाचा हात लावला, सुरीने दोन-दोन टोचे मारले (नाहीतर फुटतात आणि मग छत घासावं लागतं) आणि एक गॅसवर, एक ग्रिलवर ठेवलं. गॅसवरचं लगेच तडतडायला लागलं. साल काळी पडली, फाटली, तिच्यातून पाणी बाहेर येऊन बर्नरवर चरचरलं, आणि पाव तासात घरभर तो वास. ओटा बघवत नव्हता. ग्रिलवरचं तोवर नुसतं गरम झालं होतं. आई त्याला दर पाच मिनिटांनी कूस बदलून देत होत्या, एखाद्या अशक्त माणसाला द्यावी तशी. पाऊण तासाने ते सगळीकडून सारखं मऊ झालं. साल तर अशी निघाली की सदऱ्याची आठवण व्हावी. ओटा स्वच्छ.

दोन्हींचा गर दोन वाट्यांत काढला. आईंनी आधी गॅसवरचा चाखला, मग ग्रिलवरचा. नवरा समोर उभा, जणू त्याचाच निकाल लागायचा होता.

"चांगलं आहे," आई म्हणाल्या. "आजाऱ्याला द्यायला."

नैवेद्याला गॅसवरचं वांगं गेलं. ग्रिलवरचं वाया कसं घालवायचं म्हणून नवरा खाली गेला आणि कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून एक निखारा चिमट्यात धरून, वाटीत झाकून घेऊन आला. जिन्यात भेटलेल्या वरच्या काकूंना त्याने काय सांगितलं, ते मी विचारलं नाही. निखारा कांद्याच्या पाकळीत ठेवला, त्यावर आईंनी चमचाभर तूप सोडलं, धूर उठताच पातेल्यावर ताट ठेवलं. पाच मिनिटांनी ताट काढलं तेव्हा लेक तिच्या खोलीतून आपणहून बाहेर आली.

आई काही बोलल्या नाहीत. पण भाकरीचा दुसरा घास त्यांनी त्या पातेल्यातल्या भरिताबरोबर घेतला आणि तिसराही.

दुसऱ्या दिवशी इस्त्रीचे कपडे आले. गठ्ठ्यावर वर्तमानपत्राची एक पुडी ठेवलेली होती. आत चार कोळसे.