प्वीव्हेरचा किल्ला आणि दगडातली पेटी

आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे फ्रान्समध्ये तुलूझला आली होती. तिला दाखवायच्या ठिकाणांची यादी मी केली होती, पण त्यातला प्वीव्हेरचा किल्ला खरं म्हणजे माझ्यासाठी होता. रोमन पोलान्स्कीच्या १९९९ सालच्या ‘द नाइन्थ गेट’चा शेवट त्या किल्ल्यावर होतो. कॉलेजात असताना तो सिनेमा पाहिला, तेव्हापासून मनात घर करून आहे.

वाटेत गाडीत आईला गोष्ट सांगितली. डीन कॉर्सो (जॉनी डेप) हा दुर्मिळ पुस्तकांचा दलाल. १६६६ मध्ये व्हेनिसला छापलेलं, सैतानाला बोलावण्याचं एक पुस्तक असतं. त्याच्या मुद्रकाला पुढच्याच वर्षी पुस्तकांसकट जाळलेलं. जगात तीन प्रती उरल्या आहेत आणि त्यांतली अस्सल कोणती, हे एका श्रीमंत संग्राहकाला हवं आहे. कॉर्सो टोलेडो, सिंत्रा, पॅरिस असा फिरत प्रत्येक प्रतीतली नऊ चित्रं ताडून बघतो. एका प्रतीत म्हाताऱ्याच्या उजव्या हातात किल्ल्या, तर दुसरीत डाव्या. जिथे असा फरक, तिथे चित्राखाली खुद्द ल्युसिफरची आद्याक्षरं.

“म्हणजे पाठभेद काढतोय म्हण की,” आई म्हणाली. तिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आहे.

अगदी तेच. हा सिनेमा संथ आहे अशी तक्रार अनेकांनी केली, मला मात्र तो संथपणाच प्रिय आहे. पान उलटल्याचा आवाज, कातडी बांधणीवरून फिरणारं बोट, भिंगाखालचं चित्र. सैतान जवळजवळ दिसतच नाही. भीती वाटते ती पानांमधून. फक्त कॉर्सो तीनशे वर्षांच्या पुस्तकावर वाकून सिगारेट ओढतो, ते मला आजही बघवत नाही.

आधी फांजोला थांबलो. टेकडीवरचं लहानसं गाव. तिथल्या चर्चमध्ये एक जळकी तुळई जपून ठेवली आहे. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला संत डॉमिनिक हा कॅथलिक धर्मोपदेशक या भागात कॅथार या ख्रिस्ती पंथाच्या लोकांशी वाद घालत होता. आख्यायिका अशी की, निवाडा होईना म्हणून दोन्ही बाजूंचं लिखाण आगीत टाकलं. कॅथारांचं जळून गेलं, डॉमिनिकचं तीनदा आगीतून उसळून बाहेर आलं आणि छताच्या तुळईला चटका देऊन गेलं. हीच ती तुळई, अशी श्रद्धा.

आई बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. “आपल्याकडे पाण्यात घातल्या,” ती म्हणाली. इंद्रायणी, तुकोबांच्या वह्या, तेरा दिवस. माझ्याही मनात तेच आलं होतं. पण आपल्या गोष्टीत ज्याच्या वह्या बुडवल्या त्याच्याच तरल्या. इथे ज्यांचं जळलं, त्यांची बाजू सांगायला कोणी उरलं नाही.

कॅथारांची श्रद्धा अशी होती की, हे दिसणारं जग दुष्ट शक्तीने घडवलं, चांगल्या देवाचं राज्य फक्त आत्म्याचं. त्यांचे दीक्षित मांस, अंडी, दूध खात नसत, शपथ घेत नसत. विरोधकांनी त्यांना सैतानाचे भक्त ठरवलं. आलँ द लील नावाच्या धर्मपंडिताने तर ‘कॅथार’ या नावाची एक व्युत्पत्ती मांजरापासून दिली, कारण म्हणे त्यांना ल्युसिफर मांजराच्या रूपात दर्शन देतो. १६ मार्च १२४४ रोजी माँसेगूरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी दोनशेहून अधिक जणांना एकाच चितेवर जाळलं. त्यांच्या स्वतःच्या ग्रंथांपैकी आज उरलेत ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. एक हस्तलिखित फ्लॉरेन्सला आहे, एक लियाँला. सिनेमातल्या तीन प्रतींसाठी माणसं एकमेकांचे जीव घेतात. मला त्या खऱ्या हस्तलिखितांचं एक पान जरी बघायला मिळालं, तरी भरून पावेन.

प्वीव्हेरला पोचलो तेव्हा ऊन कलत होतं. गाडी खाली लावून आईच्या चालीने चढलो. दरवाजाचा बुरूज दिसला आणि माझं पाऊल थबकलं. सिनेमाच्या शेवटी कॉर्सो याच दरवाजाकडे चालत जातो, समोर नुसता उजेड. इथे आत गेल्यावर हिरवं गवत, पलीकडे चौकोनी उंच मनोरा आणि वारा. हा किल्ला १२१० मध्ये कॅथारांविरुद्धच्या धर्मयुद्धाचा सेनापती सिमाँ द माँफोर याच्या फौजेने तीन दिवसांत घेतला. आज दिसतं ते बरंचसं बांधकाम त्यानंतर उत्तरेकडून आलेल्या ब्रुयेर घराण्याचं, चौदाव्या शतकातलं. कॅथारांचा म्हणावा असा दगड इथे शोधावाच लागतो.

मनोऱ्याचा गोल जिना आईने भिंतीला हात लावत, दर वळणावर थांबत चढला. वर वादकांचं दालन आहे. छताच्या कमानी जिथून निघतात, तिथे आठ वादक कोरलेले आहेत, प्रत्येकाच्या हातात वेगळं वाद्य. मशकीची पिपाणी, ल्यूट, मांडीवरचं तंतुवाद्य. नाकं-बोटं झिजली आहेत, पण गालांचा फुगवटा अजून कळतो. नऊ चित्रांतले फरक शोधणाऱ्या कॉर्सोसारखा मी एकेका कोपऱ्यात मान वर करून उभा राहत होतो. इतकी वर्षं या किल्ल्याचं नाव घेतलं की माझ्या डोळ्यांपुढे आग यायची.

“अरे, पेटी!” आई म्हणाली.

कुठे, म्हणून बघितलं. एका वादकाच्या हातात लहानसं ऑर्गन होतं, अंगाशी धरून वाजवायचं. एका हाताने भाता, दुसऱ्या हाताने सूर. आमच्या सांगलीच्या घरी दर गुरुवारी भजनाला आई पेटी वाजवते, ती अशीच.

दालनात दुसरं कोणी नव्हतं. तिने पर्स माझ्याकडे दिली, भिंतीपाशी उभी राहिली आणि हलक्या आवाजात “सुंदर ते ध्यान” म्हटलं. दगडी छताखाली तो आवाज फार छान घुमला. मी मोबाइल काढला होता, तो परत खिशात ठेवला.