सुट्टीत वाचलेलं: एकच प्रश्न धरून बसणारी पुस्तकं

या हिवाळ्याच्या सुट्टीत कथा-कादंबऱ्या बाजूला ठेवून फक्त नॉनफिक्शन वाचलं. अख्ख्या मानवजातीचा इतिहास एका दमात सांगणारी जाडजूड पुस्तकं असतात ना, त्यांच्यापेक्षा एकच प्रश्न धरून त्याचा पिच्छा पुरवणारी पुस्तकं मला जास्त आवडतात हे आता पक्कं झालंय, त्यामुळे कोणी काय वाचू विचारलं तर हीच सांगणार.

सगळ्यात आधी डेव्हा सोबेल यांचं 'लाँजिट्यूड'. भर समुद्रात जहाजाचा रेखांश कसा काढायचा, एवढाच प्रश्न. अक्षांश सूर्य-ताऱ्यांवरून निघतो, पण रेखांशासाठी निघालो त्या बंदरात आत्ता किती वाजलेत हे कळायला हवं, कारण पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, वेळेतला फरक कळला की रेखांश मिळाला. पण हलत्या डेकवर, कधी गारठ्यात कधी उकाड्यात, बिनचूक चालेल असं घड्याळच कुणाकडे नव्हतं! १७०७ मध्ये सिली बेटांजवळ ब्रिटिश आरमाराची चार जहाजं खडकांवर फुटली, १७१४ मध्ये पार्लमेंटने २०,००० पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं, आणि कोडं सोडवलं जॉन हॅरिसन नावाच्या एका सुताराने. तिसऱ्या अवजड घड्याळावर त्याने १९ वर्षं घालवली आणि शेवटी जिंकलं ते चौथं, जेमतेम १३ सेंटिमीटरचं, मोठ्या खिशातल्या घड्याळासारखं दिसणारं. इतकी वर्षं ज्यावर घासली ती वाट सोडून माणूस वेगळंच काहीतरी करायला घेतो, तो भाग मी लगेच परत वाचला. एकच तक्रार आहे, खगोलशास्त्रज्ञ मॅस्केलीनला फारच खलनायक करून टाकलंय, त्याची चंद्रावरून रेखांश काढायची पद्धतही खरंच चालायची आणि घड्याळं महाग होती तोवर खलाशांना तिचाच आधार होता.

दुसरं रिबेका स्क्लूट यांचं 'द इम्मॉर्टल लाइफ ऑफ हेन्रिएटा लॅक्स'. १९५१ मध्ये कॅन्सरने गेलेल्या एका कृष्णवर्णीय बाईच्या पेशी तिला न विचारता घेतल्या, त्या लॅबमध्ये वाढतच राहिल्या, पोलिओच्या लशीच्या कामी आल्या, जगभर विकल्या गेल्या आणि घरच्यांना वीसेक वर्षं पत्ताच नाही. त्यात मुलगी डेबोरा पहिल्यांदा लॅबमध्ये जाते, आईच्या पेशींची गोठलेली कुपी हातात घेते आणि ती गार आहे म्हणून तिच्यावर फुंकर घालते. मी तिथे पुस्तक मिटून बराच वेळ बसून होते. विज्ञानाचा भाग कुठेही जड होत नाही, बायोलॉजी शाळेतच सुटली असेल तरी बिनधास्त घ्या.

मराठीत इरावती कर्वे यांचं 'युगान्त' वाचलं नसेल तर वाचाच. महाभारतातल्या माणसांकडे माणसं म्हणूनच बघितलंय. प्रत्येक लेख सुटा आहे, कुठूनही सुरू करता येतो, मी म्हणेन गांधारीपासून करा.