तिचं वरचं टोक

मंगळवार, रात्र

"मॅडम, मग ती शक्यता शून्य नाही का?"

तिसऱ्या बाकावरच्या पोरीचा हा प्रश्न दादरपासून घरापर्यंत माझ्याबरोबर आला. उभ्यानंच आला, कारण मलाही बसायला जागा नव्हती.

चूक माझीच. फळ्यावर तिचा कॉन्फिडन्स इंटरव्हल, म्हणजे नमुन्यावरून खरा मीन (सरासरी) कुठून कुठपर्यंत असेल त्याचा पट्टा, लिहिला, 29.48 ते 46.52, आणि सवयीनं म्हणून गेले, "खरा मीन यात असण्याची शक्यता 95 टक्के." त्याच फळ्याच्या कोपऱ्यात, माझ्याच अक्षरात, चौकट करून 47.3 लिहिलेलं होतं. वर्गात खेळासाठी नेलेल्या डब्यातल्या सगळ्या 120 चिठ्ठ्यांचा मीन. तो काही 46.52 च्या आत बसत नाही. पोरीनं आधी कोपऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी काय उत्तर दिलं? "पुढच्या तासाला बघू." शी.

डब्याचा खेळ तसा साधा. प्रत्येक चिठ्ठीवर घर ते कॉलेज किती मिनिटं लागतात तो आकडा. प्रत्येकानं 16 वेळा चिठ्ठी काढायची, आकडा टिपायचा, घडी घालून परत टाकायची, डबा हलवायचा. 40 पोरं म्हणजे 640 वेळा. दोन जोडतास त्यातच जातात आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच, एकदम मूठभर 16 का नाही उचलायच्या? उचलता येतात, पण मग 120 तून 16 कमी झाल्याचा हिशेब धरावा लागतो, स्टँडर्ड एरर (नमुन्याचा मीन किती इकडेतिकडे होतो त्याचं माप) साडेसहा टक्क्यांनी घटवावा लागतो. पहिल्याच दिवशी ते नको.

तिच्या 16 आकड्यांचा मीन 38, स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा फैलाव) 16. सोळाचं वर्गमूळ 4, त्यानं 16 ला भागलं की स्टँडर्ड एरर 4. पंधरा डिग्री ऑफ फ्रीडमला (आकड्यांपेक्षा एक कमी) टी-टेबलमध्ये, म्हणजे छोट्या नमुन्यांसाठीच्या तक्त्यात, 2.131. त्याला 4 नं गुणलं की 8.52. दोन्ही बाजूंना तेवढं सोडलं की झाला इंटरव्हल. गणितात तिची काडीची चूक नाही. कॅल्क्युलेटरवरसुद्धा तिनं 15 नं भागणारंच बटण दाबलं होतं, 16 नं भागणारं नाही. निम्मा वर्ग तिथेच घसरतो आणि डेव्हिएशन तीन टक्क्यांनी कमी काढून बसतो.

म्हणजे सगळं बरोबर करूनही ती चुकली, आणि सगळं चुकीचं बोलून मी मात्र मॅडम राहिले.

95 कुणाचे, एवढाच तर प्रश्न आहे. डब्यात हात घालण्याआधी ते खरे असतात: या रीतीनं काढलेल्या शंभरातले पंच्याण्णवच्या आसपास इंटरव्हल खऱ्या मीनला कवेत घेतील. जत्रेत रिंग टाकतात तसं. बक्षीस जागचं हलत नाही, हलते ती रिंग. (इथे तर दर फेकीला रिंगचा घेरही बदलतो, कारण प्रत्येकाचं डेव्हिएशन वेगळं.) एकदा रिंग पडली की पडली. आत आहे किंवा नाही. एरवी बक्षिसावर कापड झाकलेलं असतं म्हणून आपली फसवाफसवी खपून जाते. मी आज कापड काढून ठेवलं होतं आणि तरीही तेच वाक्य बोलले.

हे इंटरव्हल ज्यानं मांडले त्या संख्याशास्त्रज्ञ नेमननं 1937 च्या निबंधात हे स्वच्छ लिहून ठेवलं आहे. आकडे हातात आल्यावर त्या एका इंटरव्हलबद्दल 95 टक्के शक्यता म्हणता येत नाही. आपले सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे त्याच सुमारास लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात होते, नेमनही तिथेच. शंका आली तर त्यांना थेट नेमनकडे जाता येत असेल. मी कोणाकडे जाऊ? विभागात विचारलं तर म्हणतील, अहो, पेपरात दोन मार्कांची व्याख्या येते, कशाला डोकं खाता. आणि त्या दोन मार्कांसाठी हेच चुकीचं वाक्य मी किती वर्षं बरोबर धरलं असेल, त्याचा हिशेब आज नको.

वर्गातल्या चाळीसपैकी तीन इंटरव्हल चुकले. अपेक्षा दोनची. एकही चुकणार नाही ही शक्यता जेमतेम 13 टक्के, आणि मोजून दोनच चुकतील ही 28. त्यामुळे तीनचं काही नाही. पण तिन्ही एकाच बाजूला चुकले, तिन्हींचं वरचं टोक कमी पडलं. हे मला वर्गात दिसलं नाही, कुर्ल्याला दिसलं. डब्यात वीस-तीस मिनिटंवाली पोरं ढीगभर आणि विरार-कसाऱ्याची मोजकी, आलेखाला उजवीकडे लांब शेपूट. ज्याच्या हाताला शेपटातली चिठ्ठी लागली नाही त्याचा मीनही खाली येतो आणि डेव्हिएशनही आक्रसतं. म्हणजे जिथे इंटरव्हल रुंद हवा, नेमका तिथेच अरुंद. अशा डब्यात 16 चा नमुना घेतला तर खरे 95 मिळतच नाहीत, थोडे कमीच पडतात. सोळा-सोळांचे मीन मांडले की ढिगाला घंटेचा आकार येऊ लागतो हे खरं, पण शेपूट पुरतं जिरत नाही. टी-टेबलमधल्या 2.131 ऐवजी मोठ्या नमुन्यांसाठीचा 1.96 वापरला असता तर आणखी घसरण. डब्यातले आकडे अगदी घंटेच्या आकारात असले तरी 16 च्या नमुन्याला 95 ऐवजी 93 च्या आसपास, आणि 5 च्या नमुन्याला 88.

हे तिला सांगायला हवं. तुझं नशीब नाही, शेपूट आहे.

पाचव्या बाकावरच्या तिघांचं वेगळंच. डबा नको म्हणून त्यांनी 'खरा' डेटा आणला: गाडी दादरला किती उशिरा आली, 40 जणांना विचारून. सगळे एकाच लोकलच्या एकाच डब्यातले! उत्तरं 40, गाडी एक. त्यांनी वर्गमूळ 40 नं भागून चिमटीएवढा इंटरव्हल काढला आणि काय खूश होते. उद्या त्यांची पाळी. मला त्यांचा राग नाही आला, बरंच वाटलं. चुकणारी मी एकटी नाही.

आणि खरं सांगायचं तर ते वाक्य परत तोंडून जाणारच आहे. मराठीत 'विश्वास अंतराल' म्हटलं तरी जातं, इंग्रजीत म्हटलं तरी जातं. जीभ शक्यतेकडेच वळते. निदान आता कोपऱ्यात चौकट असली तर मीच थबकेन.

जेवण झाल्यावर पर्स झटकली, उद्या डबा पुन्हा न्यायचा म्हणून. अस्तरात एक चिठ्ठी अडकलेली निघाली. 128. कसाऱ्याचीच असणार. वर्गाआधी पडली की नंतर, देव जाणे. आधी पडली असेल तर डब्यात 119 च होत्या आणि माझं चौकटीतलं 47.3 च खोटं. बेरीज 5676, त्यातून 128 गेले, भागिले 119.

46.62.

तिचं वरचं टोक 46.52. एक दशांश मिनिट. सहा सेकंद.

बाहेर येऊन ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "मग दे ना तिला सहा सेकंद." चिठ्ठी डब्यात टाकली, झाकण लावलं.