बॅगेतली औषधं संपण्याआधी

मधुमेह, थायरॉइड, रक्तदाब, दमा, फिट्स असं कायमचं काही मागे लागलेला माणूस परदेशी राहायला निघाला, की घरातलं प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतं: किती महिन्यांची औषधं घेतलीस? सहा महिन्यांची म्हटलं तर जरा हायसं वाटतं, वर्षाची म्हटलं तर सगळे निर्धास्त होतात. मला टाइप १ मधुमेह आहे, जोडीला थायरॉइड आहे, आणि नोकरीपायी देश बदलत राहिले आहे. या सगळ्यातून माझं एक मत पक्कं झालंय. सोबत नेलेली औषधं तिथला डॉक्टर गाठेपर्यंत पुरवायची असतात. त्यांच्यावर वर्षं काढायची नसतात.

मुळात वर्षाचा साठा नेऊ देतात का, हेच आधी बघावं लागतं. जपानमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारी औषधं एरवी फक्त एक महिन्याची नेता येतात. स्वतः टोचायची इंजेक्शनंही त्यातच मोजतात. त्याहून जास्त न्यायची असली तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा परवाना निघण्यापूर्वीच काढून ठेवायचा. ऑस्ट्रेलियात प्रवाशाला तीन महिन्यांची सूट आहे. न्यूझीलंडमध्येही तीन महिने, पण नियंत्रित यादीतलं, म्हणजे नशा किंवा सवय लागू शकते म्हणून सरकारची कडक नजर असलेलं औषध असेल तर एकच महिना. अमेरिकेत साधारण ९० दिवसांपर्यंतचा साठा स्वतःच्या वापराचा मानतात. हे नियम बदलतात, म्हणून तिकीट काढलं की त्या देशाच्या आरोग्य खात्याच्या किंवा वकिलातीच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन वाचायचं. ओळखीतलं कुणी दोन वर्षांपूर्वी ‘काही विचारत नाहीत’ म्हणालं होतं, यावर विसंबून निघू नये.

खरी जपून राहण्याची यादी वेगळीच आहे. कोडीन असलेली खोकल्याची औषधं, ट्रॅमाडॉल, प्रीगाबालिन, झोपेच्या आणि चिंतेवरच्या गोळ्या, एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा या विकाराची) औषधं. प्रीगाबालिन तर मधुमेहात पायांची आग होते म्हणून कितीतरी जण रोज घेतात आणि त्यांना ते साधं दुखण्यावरचं औषध वाटतं. संयुक्त अरब अमिरातीत ते नियंत्रित औषधांमध्ये येतं आणि तिथल्या सरकारची परवानगी आधी ऑनलाइन घ्यावी लागते. ॲम्फेटामाइन असलेलं एडीएचडीचं औषध जपानमध्ये चालतच नाही, डॉक्टरांचं पत्र कितीही भक्कम असलं तरी. ब्रिटनमध्ये नियंत्रित औषध तीन महिने किंवा त्याहून जास्त पुरेल इतकं असलं तर वैयक्तिक परवाना लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांमध्ये, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांमध्ये, राहणाऱ्याला अशी औषधं घेऊन एका देशातून दुसऱ्यात जायचं तर ३० दिवसांचं प्रमाणपत्र मिळतं, त्याची तरतूद १९९० च्या शेंगेन करारातच आहे. व्हिएन्नातलं आंतरराष्ट्रीय अंमली पदार्थ नियंत्रण मंडळ प्रवाशांसाठी देशवार नियम प्रसिद्ध करतं. माझा शोध तिथून सुरू होतो.

टपालाने मागवणं हा वेगळाच धोका आहे. अंगावर नेलेल्या औषधाला मिळणारी सूट पार्सलला मिळेलच असं नाही. २०१५ मध्ये टोयोटाच्या एका वरिष्ठ महिला अधिकाऱ्याला जपानमध्ये अटक झाली होती, ती अमेरिकेहून पार्सलने आलेल्या ऑक्सिकोडोन या तीव्र वेदनाशामकाच्या गोळ्यांवरून. पुढे खटला न भरता त्यांना सोडलं, पण तोवर त्यांनी पदाचा राजीनामा दिला होता.

आता नावांचा घोळ. याबद्दल मी भेटेल त्याला सांगत असते, कारण माणसं अडतात ती बहुतेक इथेच.

एकदा औषधाच्या दुकानात रांगेत माझ्या पुढे एक वयस्क गृहस्थ होते, सोबत त्यांची सून. त्यांनी खिशातून स्ट्रिपचा एक तुकडा काढून काउंटरवर ठेवला. चार गोळ्या उरलेल्या, बाकीचा भाग कात्रीने कापून टाकलेला. चंदेरी बाजूवर कंपनीच्या नावातली तीन अक्षरं आणि कडेला ‘मिग्रॅ’ एवढंच शिल्लक होतं. मूळ औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, मुदत कधीपर्यंत, सगळं कापून गेलेल्या भागात. फार्मासिस्टने तो तुकडा दिव्याखाली धरला, गोळीवरची खूण शोधली, संगणकात बघितलं. काही सापडेना. सून म्हणाली, बाबा, ही बीपीची की शुगरची? ते म्हणाले, सकाळची. फार्मासिस्ट शांतपणे म्हणाली, "मला द्यायचंय हो, पण काय द्यायचं ते कळू दे." शेवटी घरी फोन लावून चिठ्ठीचा फोटो मागवला, पण तिकडे मध्यरात्र उलटून गेली होती.

कंपनीचं नाव देश बदलला की निरुपयोगी होतं, आणि कधी कधी घातकही ठरतं. अमेरिकेत फ्लोमॅक्स म्हणजे प्रोस्टेटसाठीचं टॅमसुलोसिन. त्याच नावाने इटलीत सूज-वेदनेवरचं अगदी वेगळं औषध विकलं जायचं. डिलाकॉर अमेरिकेत डिल्टियाझेम, सर्बियात डिगॉक्सिन. दोन्ही हृदयाची औषधं, पण एकाच्या जागी दुसरं घेतलं तर जिवावर बेतेल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००६ मध्ये याबद्दल जाहीर इशाराही दिला होता. म्हणून पाठ करायचं ते मूळ औषधाचं नाव. जागतिक आरोग्य संघटना १९५० च्या दशकापासून औषधांना सगळीकडे चालेल असं एकच नाव देत आली आहे, आणि बहुतेक ठिकाणी तेच चालतं. अपवाद थोडे आहेत, पण रोजच्या वापरातले आहेत: दम्याच्या पंपातलं साल्ब्युटामॉल अमेरिकेत अल्ब्युटेरॉल होतं, पॅरासिटामॉल ॲसिटामिनोफेन होतं, ग्लायबेनक्लामाइड ग्लायबुराइड होतं.

एका गोळीत दोन-तीन औषधं एकत्र असतील तर तशीच जोडगोळी बाहेर मिळेल ही आशा ठेवू नका. त्यातलं प्रत्येक औषध आणि त्याचं प्रमाण सुटं लिहून घ्या. काही औषधं तर काही देशांत विकलीच जात नाहीत. व्होग्लिबोज आणि टेनेलिग्लिप्टिन ही मधुमेहाची दोन औषधं भारत आणि जपानमध्ये सर्रास लिहून दिली जातात, पण अमेरिकेत मिळत नाहीत. ग्लिक्लाझाइडही तिथे नाही. आपलं औषध पुढच्या मुक्कामी मिळत नाही असं कळलं, तर निघण्याच्या दोन-तीन महिने आधी आपल्याच डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषधावर यावं. शरीराला नवीन औषध मानवतंय का, हे ओळखीच्या डॉक्टरसमोर कळलेलं बरं.

इन्सुलिन वायलमधून, म्हणजे छोट्या बाटलीतून, सिरिंजने घेणाऱ्यांनी पुढचं नीट वाचा. भारतात यू-४० ताकदीच्या वायल अजून मिळतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट. बहुतेक देशांत फक्त यू-१०० मिळतं, एका मिलिलिटरमध्ये १०० युनिट. सिरिंजही त्या त्या ताकदीची असते: यू-४० ची टोपी साधारणपणे लाल, यू-१०० ची नारिंगी. घरून आणलेल्या लाल टोपीच्या सिरिंजमध्ये बाहेर घेतलेलं यू-१०० भरलं, तर २० च्या रेघेपर्यंत ओढूनही अंगात ५० युनिट जातात. अडीच पट! साखर इतकी खाली येईल की माणूस बेशुद्ध पडेल. वायल नवीन घेतली की सिरिंजही तिथलीच नवीन घ्यायची आणि जुन्या टाकून द्यायच्या. पेन वापरणाऱ्यांना हा धोका नाही, पण पेनचं कार्ट्रिज दुसऱ्या कंपनीच्या पेनमध्ये बसत नाही हे त्यांनीही लक्षात ठेवावं.

प्रवासात सगळी औषधं हातातल्या बॅगेत ठेवायची, मूळ खोक्यांसकट. इन्सुलिन तर सामानात टाकायचंच नाही. विमानाच्या पोटात ते गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला नेहमीसारखं दिसलं तरी त्याचा भरवसा उरत नाही, ते फेकायचं. न उघडलेलं २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये राहावं लागतं. वापरात असलेलं खोलीच्या तापमानाला प्रकारानुसार साधारण चार आठवडे टिकतं, काही जास्तही. बर्फाची जेलपिशवी थेट इन्सुलिनला टेकू देऊ नका, मध्ये कापड हवं. पाण्यात भिजवून वापरायच्या थंडाव्याच्या पिशव्या कोरड्या हवेत छान चालतात, दमट हवेत त्यांचा उपयोग कमी होतो. १०० मिलिलिटरची मर्यादा औषधांना बहुतेक विमानतळांवर लागू नसते, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात. इन्सुलिन पंप किंवा साखर मोजणारा सेन्सर अंगावर असेल तर यंत्राच्या पुस्तिकेत तपासणीबद्दल काय लिहिलंय ते बघा. काही उपकरणं एक्स-रेमधून किंवा शरीर तपासणीच्या स्कॅनरमधून न्यायची नसतात. मी सरळ सांगते, हाताने तपासा. आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

घड्याळाच्या फरकाची धास्ती सगळ्या औषधांसाठी सारखी बाळगायची गरज नाही. लेव्होथायरॉक्सिन रक्तात इतकं सावकाश ओसरतं की काही तासांनी पुढे-मागे झालं तर काही बिघडत नाही. दीर्घकाळ काम करणारं इन्सुलिन, फिट्सची औषधं, रक्त पातळ ठेवणाऱ्या दिवसातून दोनदाच्या गोळ्या यांचं वेळापत्रक मात्र डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. पूर्वेकडे जाताना दिवस आखूड होतो, पश्चिमेकडे जाताना लांबतो. डोसचा हिशेब त्यावर ठरतो.

परतीच्या तारखेपुरतंच मोजून नेणं हेही तितकंच धोक्याचं. एप्रिल २०१० मध्ये आइसलँडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने युरोपातली विमानं जवळपास आठवडाभर जमिनीवर बसवली, सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. त्यात अडकलेल्यांपैकी किती जणांच्या डब्यात तेवढ्या जास्तीच्या गोळ्या असतील? नियमात बसत असेल तर निदान दोन आठवड्यांचं जास्त ठेवा, आणि तेही दोन बॅगांत विभागून.

आता पार्सलच्या सवयीबद्दल. परदेशात वर्षानुवर्षं राहूनही घरून येणाऱ्या-जाणाऱ्याकडून औषधं मागवणारे पुष्कळ भेटतात. कारणं मला समजतात. नवीन डॉक्टरकडे नाव नोंदवून पहिली भेट मिळायला आठवडे जातात, विमा जुन्या आजाराला नाकं मुरडतो, आणि भाषा परकी असली की दुखणं सांगायचा संकोच वाटतो. पण गोळ्या येत राहतात आणि तपासण्या थांबतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. थायरॉइडचा डोस किंवा कंपनी बदलली की सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच, म्हणजे डोस बरोबर बसतोय का हे सांगणारी रक्ततपासणी, करायची असते. मधुमेहात एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी) दर तीन ते सहा महिन्यांनी, डोळ्यांचा पडदा ठरलेल्या काळाने, लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा. पार्सलमधून यातलं काहीच येत नाही. तीन वर्षांपूर्वी ठरवलेला डोस, तीन वर्षांपूर्वीच्या वजनाला, तसाच पोटात जात राहतो.

म्हणून घर मिळायच्या आधीसुद्धा डॉक्टरकडे नाव नोंदवा, असं मी सांगते. बाहेरची चिठ्ठी दुकानात बहुधा चालत नाही. युरोपीय संघात एका देशाची चिठ्ठी दुसऱ्यात चालते आणि त्यासाठी तिच्यावर औषधाचं मूळ नाव लागतं, पण संघाबाहेरच्या चिठ्ठीला तो हक्क नाही. तरीही तुमच्या डॉक्टरांचं पत्र नव्या डॉक्टरसाठी फार मोलाचं असतं. त्यात निदान, कधीपासून, प्रत्येक औषधाचं मूळ नाव, प्रमाण, वेळ, आधी कोणतं औषध बंद केलं आणि का, ॲलर्जी आणि शेवटच्या तपासण्यांचे आकडे हवेत; सही, शिक्का आणि नोंदणी क्रमांकासह, इंग्रजीत. ‘आधी काय बंद केलं आणि का’ हे मी आग्रहाने लिहून घेते. ते नसलं तर नवा डॉक्टर साहजिकच तेच औषध पुन्हा सुरू करून बघतो.

फिट्सवरचं फेनिटॉइन किंवा कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी कंपनीचं नावही पत्रात घालावं. मूळ औषध तेच असलं तरी या गोळ्यांची कंपनी परस्पर बदलू नये, असं ब्रिटनचं औषध नियामक खातंही सांगतं. अवयव प्रत्यारोपणानंतरच्या टॅक्रोलिमसचंही तसंच आहे.

मुलांकडे काही महिने राहायला येणाऱ्या आईवडिलांसाठी डॉक्टर गाठण्याचा मार्ग बहुधा खुला नसतो, म्हणून त्यांचा साठा घरूनच पुरता यावा लागतो. स्ट्रिप कापू नका, गोळ्या आठवड्याच्या डब्यात काढल्या तरी खोकी फेकू नका, चिठ्ठीचा फोटो मुलांच्या फोनमध्येही ठेवा. आणि नातवंडांच्या आग्रहाने मुक्काम महिनाभर वाढवायचं ठरलं, तर तिकीट बदलण्याआधी उरलेल्या गोळ्या मोजा.